मिनिटे नकोत, मिलिज्यूल लिहा

प्रति,
मा. संपादक,

विषय : सोरायसिस व इसबावरील प्रकाशोपचारात डोसची नोंद आणि दिव्यांची मोजणी

महोदय,

हवा कोरडी पडली की कोपर, गुडघे, कंबर आणि डोक्याच्या कातडीवरचे सोरायसिसचे चट्टे फुलतात, खवले अंथरुणभर सांडतात आणि त्वचारोगाच्या ओपीडीत एक प्रश्न रोज ऐकू येतो : ‘लाईट घ्यायची का?’ बहुतेक रुग्णांसाठी उत्तर ‘हो, जरूर घ्या’ असेच आहे. अंगभर चट्टे असले, मलमाने भागत नसले, गोळ्यांनी यकृताला त्रास होण्याची धास्ती असली, बाई गरोदर असली, तरी नॅरोबँड यूव्हीबी, म्हणजे अतिनील प्रकाशाच्या एका अरुंद पट्ट्याचा, उपचार हाताशी असतो. जुनाट इसब आणि अंगभर पसरलेले लायकेन प्लॅनस (जांभळट, खाजणारे पुरळ) यांतही तो उपयोगी पडतो. पण ही लाईट म्हणजे औषध आहे आणि औषधाला मात्रा असते. गोळीच्या पाकिटावर मिलिग्रॅम छापलेले नसतील तर आपण ती गोळी घेणार नाही. लाईट घेणाऱ्याच्या कागदावर मात्र पुष्कळदा ‘२ मिनिटे’, ‘अडीच मिनिटे’ एवढेच लिहिलेले सापडते. या पत्राचे कारण तेच आहे. सोलापूर शहर आणि जिल्ह्यातील प्रत्येक केंद्राने, सरकारी असो की खासगी, डोस मिलिज्यूलमध्ये, म्हणजे त्वचेवर पडणाऱ्या प्रकाशाच्या ऊर्जेच्या मापात, लिहावा, यंत्राचा प्रकाश ठरावीक काळाने मोजावा आणि ती नोंद रुग्णाच्या हातात द्यावी.

आधी एक गैरसमज. आपल्याकडे याला सर्रास ‘शेक’ म्हणतात. हा शेक नव्हे. चेंबरमध्ये, म्हणजे रुग्ण उभा राहतो त्या नळ्यांच्या कपाटात, उकडते ते नळ्यांच्या उष्णतेमुळे, आणि त्या उष्णतेचा रोगाशी काही संबंध नाही. काम करतो तो न दिसणारा अतिनील प्रकाश, तरंगलांबी ३११ नॅनोमीटरच्या आसपास. सोरायसिसच्या चट्ट्यात टी-पेशी (प्रतिकारशक्तीच्या पेशी) गर्दी करून दाह पेटता ठेवतात आणि वरच्या थरातल्या पेशी फार वेगाने वाढतात. हा प्रकाश वरच्या थरात शोषला जातो, त्या टी-पेशी मरतात आणि चट्टा बसत जातो. १९८१ मध्ये पॅरिश आणि येनिक यांनी वेगवेगळ्या तरंगलांबींचे किरण चट्ट्यांवर टाकून पाहिले. २९० नॅनोमीटर आणि त्याखालच्या किरणांनी त्वचा भाजली, चट्टा मात्र हलला नाही. त्याच्या वरच्या, ३१३ पर्यंतच्या पट्ट्यात उपयोग दिसला. आजच्या नळ्या या पट्ट्यातला नेमका तुकडा देतात, म्हणून नाव ‘नॅरोबँड’.

यावरून दुसरा प्रश्न निघतो, आणि तो सोलापूरकराने विचारावा हे साहजिक आहे : आपल्याकडे उन्हाला काय तोटा? ऊन खरोखर भरपूर आहे. पण त्यात यूव्हीबीचा वाटा अगदी थोडा, बाकी यूव्हीए (जास्त तरंगलांबीचा अतिनील प्रकाश), दृश्य प्रकाश आणि नुसती उष्णता. शिवाय तो वाटा दर तासाला, ढगाढगाला, महिन्यामहिन्याला बदलतो. सकाळी आठचे दहा मिनिटे ऊन आणि दुपारी बाराचे दहा मिनिटे ऊन हे दोन वेगळे डोस आहेत आणि दोन्ही मोजलेले नाहीत. याहून मोठा धोका बावचीचा. बावचीच्या बियांत सोरालेन असते, त्याने त्वचा यूव्हीएला कमालीची संवेदनशील होते. बावचीचे तेल लावून गच्चीवर बसल्याने फोड आलेली पाठ बरी व्हायला कित्येक आठवडे जातात, आणि भाजलेल्या जागी नवे चट्टे उठतात ते वेगळेच. जखम होईल तिथे सोरायसिस उठतो, हा या रोगाचा स्वभाव आहे. त्याला केबनरची प्रतिक्रिया म्हणतात. म्हणूनच या आजारात भाजणे हा किरकोळ दुष्परिणाम मानता येत नाही.

आता मुख्य हिशेब. तो सोपा आहे आणि रुग्णालाही समजला पाहिजे. यंत्राचा प्रकाश मिलिवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये मोजतात, डोस मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये. डोसला प्रकाशाने भागले की सेकंद मिळतात. उन्हाने त्वचा किती भाजते आणि किती काळवंडते यावरून वर्णाचे सहा प्रकार करतात; आपल्याकडचा वर्ण बहुधा चौथ्या-पाचव्या प्रकारात मोडतो. अमेरिकी त्वचारोग अकादमीच्या तक्त्यानुसार चौथ्या प्रकाराला सुरुवातीचा डोस ३३० मिलिज्यूल आणि दर वेळची वाढ ४५, पाचव्याला ३५० आणि वाढ ६०. तक्ता आधाराला असतो, अंतिम निर्णय डॉक्टरांचा. समजा यंत्राचा प्रकाश ५.५ मिलिवॅट आहे. ३३० भागिले ५.५, म्हणजे ६० सेकंद. वर्ष-दीड वर्षात नळ्या मंदावल्या आणि प्रकाश ३ मिलिवॅटवर आला, तर त्याच ६० सेकंदांत रुग्णाला १८० मिलिज्यूलच मिळतात. तो आठवड्यातून तीनदा पदरमोड करून येतो, चट्टे तसेच राहतात, आणि लाईटचा आपल्याला गुण नाही असे ठरवून पुन्हा स्टेरॉइडच्या इंजेक्शनांकडे वळतो.

उलट बाजू जास्त भयंकर आहे. नळ्या बदलल्या, प्रकाश ८ मिलिवॅट झाला आणि कागदावरची मिनिटे तशीच राहिली, तर ६० सेकंदांत ४८० मिलिज्यूल पडतात. नव्या रुग्णाला तेवढ्याने फक्त चुरचुरेल. पण जो वाढत वाढत १२०० मिलिज्यूलला पोहोचला आहे, त्याचा वेळ ५.५ मिलिवॅटच्या जुन्या नळ्यांवर २१८ सेकंद होता. त्याच २१८ सेकंदांत नव्या नळ्यांखाली त्याला जवळपास १७४५ मिलिज्यूल मिळतात. एका फटक्यात दीडपटीच्या आसपास. तो रात्रभर झोपत नाही. नळ्या बदलल्यानंतरच्या आठवड्यात भाजण्याच्या तक्रारी येतात त्या यामुळे. रुग्णाची कातडी नाजूक निघाली, हे त्याचे स्पष्टीकरण होऊ शकत नाही.

मोजणीसाठी यूव्हीबी मीटर लागतो, आणि तोही ३११ नॅनोमीटरच्या नळ्यांसाठी प्रमाणित केलेला. ब्रॉडबँडसाठी, म्हणजे रुंद पट्ट्याच्या यूव्हीबी नळ्यांसाठी, लावलेला मीटर या नळ्यांवर चुकीचा आकडा दाखवतो. नळ्या पाच मिनिटे तापू द्याव्यात, मग रुग्ण जिथे उभा राहतो त्याच अंतरावर डोके, कंबर आणि गुडघा अशा तीन उंचींवर आकडे घ्यावेत. मोजणाऱ्याने गॉगल, मुखकवच आणि पूर्ण बाह्यांचा अंगरखा घालावा. वरच्या आणि खालच्या आकड्यांत मोठी तफावत दिसली तर एखादी नळी मेली आहे किंवा परावर्तक पत्रा काळवंडला आहे. कोऱ्या आणि जुन्या नळ्यांची सरमिसळ करू नये, पोटावर एक डोस आणि पायांवर दुसरा असे होते. यंत्राला स्वतःचा सेन्सर असला तरी बाहेरच्या मीटरने त्याची पडताळणी हवीच, कारण सेन्सरवर धूळ बसली की त्याला प्रकाश कमी वाटतो, तो वेळ वाढवतो आणि रुग्ण भाजतो. सोलापुरात धुळीची कमतरता नाही. यंत्र बंद आणि थंड असताना नळ्या आणि पत्रे मऊ कोरड्या कापडाने दर आठवड्याला पुसावेत. व्होल्टेज पडले की साध्या चोकच्या नळ्यांचा प्रकाशही पडतो, म्हणून स्टॅबिलायझर हवा. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा चेंबरचा पंखा बंद असेल तर रुग्णाला भोवळ येते आणि अति तापलेल्या नळ्यांचा प्रकाशही घटतो. पंखा बिघडला तर त्या दिवशी यंत्र बंद ठेवणेच योग्य.

पुढच्या वेळी डोस वाढवायचा की नाही, हे आधीच्या वेळी त्वचेने काय दाखवले त्यावर ठरते. इथे पाश्चात्त्य पुस्तके आपल्याला थोडी फसवतात. ‘त्वचा गुलाबी झाली का ते पाहा’ असे ती सांगतात. सावळ्या, गहूवर्णी कातडीवर गुलाबीपणा दिसतच नाही, आणि ट्यूबलाइटखाली तर मुळीच नाही. म्हणून तीन गोष्टी विचाराव्यात. रात्री अंग गरम लागले का? अंगावर कपडा घासला तेव्हा दुखले का? दुसऱ्या दिवशी आंघोळीचे पाणी झोंबले का? यूव्हीबीची भाजणूक चार ते सहा तासांनी सुरू होते आणि १२ ते २४ तासांत शिगेला जाते, म्हणून चेंबरमधून बाहेर पडताना ‘काही झाले नाही’ याला अर्थ नाही. काहीच जाणवले नसेल तर ठरल्याप्रमाणे वाढ. २४ तासांत विरलेली हलकी ऊब असेल तर तोच डोस पुन्हा. दुखले किंवा ऊब दुसऱ्या दिवसानंतरही टिकली तर ती पाळी (लाईट घेण्याची ठरलेली खेप) सोडायची, पूर्ण शमल्यावर कमी डोसने सुरू करायचे. फोड आले तर डॉक्टरांनी पाहिल्याशिवाय यंत्रात पाऊल नको. हे प्रश्न विचारायला अर्धे मिनिट लागते. ते विचारल्याशिवाय बटण दाबू नये.

खंड पडणे ही आपल्याकडची दुसरी मोठी अडचण. गड्ड्याची जत्रा, आषाढी, लग्नसराई, ऊसतोड, कारखान्यातली कामाची वेळ बदलणे, कारणे खरी असतात. पण त्वचेला कारण कळत नाही. नियमित प्रकाशाने तिला आलेली सहनशक्ती खंडात उतरते. चार ते सात दिवस चुकले तर मागचाच डोस द्यावा, वाढवू नये. एक ते दोन आठवडे चुकले तर पाव हिस्सा कमी. दोन ते तीन आठवडे चुकले तर निम्मा करावा किंवा पहिल्यापासून धरावे. त्याहून जास्त खंड असेल तर पहिल्यापासूनच. पुण्याला उपचार घेऊन इथे आलेल्याच्या कागदावर मिलिज्यूल लिहिलेले असतील तर पुढे नेता येते, तेही पहिल्या पाळीला डोस थोडा उतरवून, कारण दोन यंत्रांचे मीटर सारखे नसतात. नुसती मिनिटे असतील तर सगळे पहिल्यापासून, आणि आधीचे दोन महिने वाया.

आठवड्यातून तीन पाळ्या, एक दिवस आड, आणि एकूण वीस ते तीस. फरक दिसायला आठ-दहा पाळ्या लागतात. चौथ्या पाळीला निराश होऊन सोडणारे बरेच असतात, म्हणून हे पहिल्याच दिवशी सांगावे. आणि हेही सांगावे की अंग काही काळ काळवंडेल, त्वचा कोरडी पडून खाजेल. काळवंडणे उपचार थांबल्यावर उतरते. लग्न ठरलेल्या मुलीला हे कोणी आधी सांगत नाही आणि ती मधेच उपचार सोडते.

तयारीत चुका होतात त्या अशा. लाईटच्या आधी सॅलिसिलिक ॲसिडचे मलम लावले तर ते यूव्हीबी अडवते. ते रात्री लावून सकाळी धुऊन यावे. व्हॅसलिनचा जाड थरही प्रकाश अडवतो. खोबरेल किंवा लिक्विड पॅराफिनचा पातळ हात मात्र फायद्याचा, खवल्यांतली हवा जाऊन प्रकाश आत शिरतो. हा हात दर वेळी सारखा हवा. आज तेल, परवा कोरडे, असे केले तर डोसचा हिशेब बिघडतो. अत्तर लावून येऊ नये. यूव्ही अडवणारा गॉगल घातल्याशिवाय दार लावू नये. चेहऱ्यावर चट्टे नसतील तर चेहरा झाकावा. पुरुषांनी जननेंद्रिय झाकणे सक्तीचे असावे, तिथल्या त्वचेला कर्करोगाचा धोका जास्त असल्याचे सोरालेन आणि यूव्हीएच्या रुग्णांत १९९० मध्येच दिसले आहे. अंतर्वस्त्र दर वेळी त्याच मापाचे असावे. एकदा लांब चड्डी आणि पुढच्या वेळी आखूड घातली, तर आजवर झाकलेल्या पट्ट्यावर एकदम हजार मिलिज्यूल पडतात. केस वाढवलेल्या डोक्यावर चेंबरचा प्रकाश पोहोचत नाही, त्यासाठी कंगव्याचा छोटा दिवा लागतो. चारच हट्टी चट्टे उरले असतील तर अंगभर प्रकाश घेण्यापेक्षा ३०८ नॅनोमीटरचा प्रकाश देणारा एक्सायमर बरा. तो फक्त चट्ट्यावर पडतो, त्यामुळे डोस जास्त देता येतो आणि पाळ्या कमी लागतात.

तळहातांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. या शहरात हजारो स्त्रिया विड्या वळतात, हजारो हात यंत्रमागावर, शिलाईवर राबतात. तळहाताचा सोरायसिस किंवा इसब म्हणजे त्यांचा रोज बुडणे. तळव्याची कातडी जाड, म्हणून तिथे डोस जास्त लागतो, हातापायाचे वेगळे यंत्र लागते, आणि घासण्याने चट्टा पुन्हा पुन्हा उठतो. भेगांमधून रक्त येत असताना लाईट सुरू करण्याआधी आठ दिवस भेगा भरून घ्याव्यात. आणि विडीचे पैसे दर हजार विड्यांमागे मिळतात. सकाळी दहा ते एक एवढीच वेळ ठेवली तर आठवड्याचे तीन अर्धे दिवस जातात. कुंभारीच्या वसाहतीतून किंवा अक्कलकोट रस्त्याच्या कारखान्यातून येणाऱ्याला संध्याकाळी सहा ते आठ ही वेळ मिळाली, तर वीस पाळ्या पूर्ण होतील. एका पाळीला प्रत्यक्ष प्रकाश काही मिनिटांचाच असतो. खर्च वाढतो तो एका प्रशिक्षित तंत्रज्ञाच्या दोन तासांचा. केंद्रचालकांनी याचा विचार करावा, ही आमची कळकळीची विनंती आहे.

करमाळा, सांगोला, माळशिरस इथल्या रुग्णांना तर तीनदा येणे जमणारच नाही. त्यांच्यासाठी घरी घ्यायचे यंत्र हा उपाय आहे. नेदरलँडमध्ये २००९ मध्ये १९६ रुग्णांवर आणि अमेरिकेत २०२४ मध्ये ७८३ रुग्णांवर झालेल्या चाचण्यांत घरची लाईट दवाखान्यातल्या लाईटपेक्षा कमी ठरली नाही. पण तिथे यंत्रे डॉक्टरांनी ठरवून दिलेली होती आणि डोसवर नियंत्रण होते. इथे ऑनलाइन मिळणाऱ्या दिव्यांवर तरंगलांबी लिहिलेली नसते. जंतुनाशक २५४ नॅनोमीटरची नळी आकाराने जवळजवळ तशीच असते. ती कोविडच्या काळात घरोघरी आली, तिने डोळ्याचे बुबुळ आणि त्वचा दोन्ही भाजतात आणि चट्ट्याला काही होत नाही. नखांच्या पॉलिशचा दिवा, लाल एलईडीचा मुखवटा, झाडांचा दिवा, यांचाही इथे उपयोग नाही. घेताना ३११ नॅनोमीटर लिहिलेले, टायमर असलेले यंत्र घ्यावे, त्याचा प्रकाश केंद्रावर मोजून घ्यावा आणि त्वचेपासूनचे अंतर उत्पादकाने सांगितले तेवढेच ठेवावे. हातात धरायचा दिवा दोन बोटे जवळ आला तरी डोस बदलतो.

प्रकाश कोणाला द्यायचा नाही, हे थोडक्यात. ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचा आजार), झेरोडर्मा पिगमेंटोझम (अतिनील प्रकाश न सोसण्याचा जन्मजात आजार) किंवा मेलॅनोमाचा (त्वचेच्या एका कर्करोगाचा) पूर्वेतिहास असेल तर नाही. सायक्लोस्पोरिन (प्रतिकारशक्ती दाबणारे औषध) चालू असेल तर नाही. अंग सगळे लाल होऊन सोलत असेल किंवा पू भरलेले बारीक फोड उठले असतील तर चेंबर नव्हे, वॉर्ड गाठावा. हे बरेचदा तोंडाने घेतलेले किंवा टोचलेले स्टेरॉइड एकदम बंद केल्यावर होते, म्हणून कोणी काय दिले ते डॉक्टरांना न लपवता सांगावे. डॉक्सिसायक्लिन हे प्रतिजैविक, पाणी काढण्याच्या थायझाइड गोळ्या, काही वेदनाशामके प्रकाशाची संवेदना वाढवतात, ती नोंद करून डोस ठरवावा. आणि गोल, कडेला वाढणारा, मध्ये साफ होणारा चट्टा असेल तर आधी बुरशी तपासावी. गजकर्णाला लाईटचा उपयोग नाही. गरोदरपणात नॅरोबँड घेता येते, मात्र यूव्हीने फोलेट हे जीवनसत्त्व घटू शकते, म्हणून फॉलिक ॲसिड चालू ठेवावे. सोरालेनच्या गोळ्या गरोदरपणात नकोत.

कार्ड कसे असावे तेही सांगतो, म्हणजे कोणालाही उद्या छापता येईल. पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा. वर नाव, निदान, वर्णाचा प्रकार, चालू औषधे. खाली रकाने : तारीख, पाळीचा क्रमांक, डोस मिलिज्यूलमध्ये, त्या दिवशीचा यंत्राचा प्रकाश मिलिवॅटमध्ये, सेकंद, मागच्या वेळी दुखले की नाही, तंत्रज्ञाची सही. मागच्या बाजूला शेवटची मोजणी कधी झाली आणि नळ्या कधी बदलल्या त्या तारखा, आणि खंड पडल्यास काय करायचे त्या चार ओळी. या चार ओळी मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही छापाव्यात. पूर्व भागातल्या अनेक घरांत मराठी बोलता येते, पण वाचायला तेलुगू जवळची वाटते, आणि ‘दोन आठवडे चुकले तर आम्हाला आधी सांगा’ ही ओळ ज्याच्या त्याच्या लिपीतच हवी. पांढऱ्या डागांच्या रुग्णांचे कार्ड वेगळ्या रंगाचे असावे, त्यांचे डोस कमीपासून सुरू होतात आणि एकाच्या कार्डावर दुसऱ्याचा डोस वाचला जाण्याची चूक रांगेत सहज होते.

आपले,
सोलापुरातील काही त्वचारोगतज्ज्ञ व फोटोथेरपी तंत्रज्ञ